काहील

पहाटे तीनला चूल पेटते, ओकच्या लाकडांची.
मध आधी एकटाच चढतो काहिलीत,
बार्बाजाच्या डोंगरातला, अस्फोडेलचा, फिका,
मागून किंचित औषधी लागणारा.
मग दोनशे अंड्यांचं पांढरं,
आणि मग नुसतं घोटणं. पाच तास.
मध्ये थांबायचं नाही, शिंक आली तरी.

आमची बेकरी चालते पावावर.
नाव चालतं तोर्रोनेवर.

पिवळे बलक उरतात, ते गल्लीचे.
पाळी ठरलेली आहे. मंगळवारी मुंदिकामावशी
पातेलं घेऊन येते आणि जाताना बजावते,
"मागच्या वेळी दोन कमी होते."
नवरा गेल्यापासून ती सगळंच मोजते.

कृती कुठे लिहिलेली नाही.
पणजोबांना अक्षर येत नव्हतं, आजोबांना वेळ नव्हता,
आणि बाब्बू म्हणतो, लिहायचं काय त्यात,
काहील स्वतः सांगते.
आधी ती पाण्यासारखी खळखळते,
नंतर चिखलातून बूट उपसावा तशी,
आणि मध गोळीबंद झाला की
वल्हं कडेला लागताना एक आवाज येतो,
कोरडा,
दारामागे कोणी खाकरावं तसा.
तो आला की भाजलेले बदाम ओतायचे. गरम असतानाच.
लहानपणी मी पिठाच्या पोत्यावर बसून
त्या आवाजाची वाट बघायचे
आणि दर वेळी त्याआधीच झोपायचे.

यंदा संत अंतोनीच्या जत्रेआधी
एक अख्खी काहील फसली.
फळीवर ओतलेलं सकाळपर्यंत पसरत राहिलं,
वरचा पापुद्रा घसरला एका अंगाला,
झोपेत पांघरूण सरकतं तसा.
बाब्बूनं मधाला दोष दिला. मग हवेला.
मग कोंबड्यांना.
तोरिनोहून प्रियामो फोनवर म्हणाला, यंत्र घ्या,
त्याला घड्याळ असतं, वेळ झाली की शिटी वाजते.
बाब्बू म्हणाला, "हं."
हल्ली तो सगळ्यालाच हं म्हणतो.

मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले. हाक मारली.
मग जरा मोठ्यानं.
मग एक बशी सोडली हातातून, मुद्दाम, फरशीवर.
तो घोटत राहिला.
तुकडे मी एप्रनमध्ये गोळा केले,
तळहाताला एक लागला,
आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी त्याच्याआधी उठले.
पाचवा तास सरत आला तसा तो वाकला,
वल्ह्याच्या दांड्याचं टोक दातांत धरलं
आणि डोळे मिटले.
कानांनी सोडलं ते हाडांत शोधत होता,
कपाळावर घाम, जबडा घट्ट,
चर्चमध्ये इतका गप्प मी त्याला कधी पाहिला नाही.
तेवढ्यात डोळे उघडले आणि समोर मी.
लाजला. पोर साखर खाताना पकडलं जावं तसा.
म्हणाला, "मागच्या वेळी दात दुखत होता,
धरता आलं नाही."

मग दांडा माझ्या हातात दिला.
"तू ऐक."

मला ऐकू आली चूल.
ऐकू आला बाहेरचा गाढवाचा पाय, नळ, माझा श्वास,
दारात मुंदिकामावशी पातेल्यावर वाजवत असलेलं बोट.
काहील ऐकू येत नव्हती.
दंड भरून आले. घोटत राहिले.
कोणी खाकरलं?
की मीच?
मी मान हलवली. बाब्बूनं बदाम ओतले,
एकही प्रश्न न विचारता,
सगळे.

फळीवर पसरलं, वर पापुद्रा, त्यावर पाट, पाटावर दगड.
बरोबर होतं की नाही ते उद्या जत्रेत कळेल,
कुऱ्हाडीच्या पहिल्या घावाला:
तुटतं, की वाकतं.

मुंदिकामावशी बलक मोजते आहे.
आज दोन जास्त आहेत म्हणते,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.